प्रॅक्टिसला ग्रुप येतो, मॅचमध्ये हात ऐकत नाही. शॉट रूटीन नक्की कसं बसवायचं?

रिकर्व्हवाली

नमस्कार मंडळी. तिरंदाजी करते, रिकर्व्ह (ऑलिम्पिकमध्ये असतं ते धनुष्य), सध्या ७० मीटर. प्रॅक्टिसला ग्रुप बरा येतो, म्हणजे बाण जवळजवळ पडतात, बहुतेक बाण लाल-पिवळ्यात (टार्गेटच्या मधल्या वर्तुळांत) असतात आणि साईट (बोवरचं नेम धरायचं साधन) न हलवता एंडमागून एंड (एका वेळी सोडायचे ठरावीक बाण) तिथेच पडतात, म्हणजे फॉर्म अगदीच गंडलेला नाहीये असं धरून चालते. पण मॅच म्हटली की लाईनवर वेगळीच कुणीतरी उभी असते. दोन बझर होतात, लाईनवर जायचं, मग एक बझर, आणि तिथून पुढे पहिला बाण कसा सुटला हे मला नंतर आठवतच नाही. बोटं गार पडलेली असतात, स्ट्रिंग कुठल्या पेरावर धरली ते जाणवत नाही, अँकरला आल्यावर (स्ट्रिंग खेचून हात हनुवटीखाली टेकला की) क्लिकर (बाण पुरेसा खेचला की टक्क करून पडणारी पट्टी) पडत नाही म्हणून मी थांबते, थांबले की पिन (साईटचा ठिपका) पिवळ्यात थरथरायला लागते, मग क्लिकर पडावा म्हणून खेचते नाहीतर तो पडला की दचकून सोडते. दोन्ही वेळा बाण निळ्यात, लालच्याही बाहेर. आणि एक निळ्यात गेला की पुढच्या दोन बाणांचंही काही खरं नसतं.

सर म्हणतात रिलॅक्स रहा. पण रिलॅक्स रहायचं म्हणजे लाईनवर उभं राहून नेमकं करायचं काय? मला कुणीतरी करायची गोष्ट सांगा. रूटीनमध्ये किती स्टेप असाव्यात, त्या मनात म्हणायच्या का, श्वास कधी घ्यायचा कधी सोडायचा, आणि आळीपाळीच्या मॅचमध्ये एका बाणाला २० सेकंदच मिळतात त्यात हे सगळं बसतं तरी कसं? जे स्वतः शूट करतात किंवा शिकवतात त्यांनी सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल, मोठं उत्तर असलं तरी चालेल.

जुना_तिरंदाज

ताई, प्रश्न नीट मांडलाय त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातंय. पहिला बाण कसा सुटला ते आठवत नाही असं लिहिलंय, माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. क्लिकरला खेचणं, थरथरणं हे सगळं त्याच्या मागून येतं. तो बाण कुठून सुरू झाला हेच ठरलेलं नव्हतं, मग अँकरला पोचल्यावर शरीराला काहीच सापडत नाही आणि ते मिळेल त्या मार्गाने बाण सोडून मोकळं होतं.

बरेच जण रूटीन म्हणजे अँकर ते रिलीज (बाण सोडणं) असं समजतात. मी पोरांना शिकवताना रूटीन क्विव्हरमधून (भात्यातून) बाण काढण्यापासून धरतो. बाण काढला, नॉकवर (बाणाच्या मागच्या खाचेवर) नजर टाकली, इंडेक्स व्हेन (वेगळ्या रंगाचं पीस) बरोबर बाजूला, नॉक स्ट्रिंगवर बसल्याचा टक्क आवाज ऐकला, बाण क्लिकरखाली सरकवला. हे दर वेळी याच क्रमाने, याच वेगाने. मग हूक, म्हणजे स्ट्रिंगवर बोटं अडकवणं. इथे अजिबात घाई नको. स्ट्रिंग बोटांच्या पहिल्या सांध्याच्या खोबणीत किंवा जराशी आत, सगळ्यात जास्त भार मधल्या बोटावर, पंज्याची पाठ सपाट, मनगट सैल. मग ग्रिप, बो अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागावर टेकलेला, बाकीची बोटं नुसती लोंबत. आता तुमचं म्हणणं की मॅचमध्ये बोटं गार पडतात आणि स्ट्रिंग जाणवत नाही. जाणवत नसेल तर बघा! हूक डोळ्यांना दिसतो. एक नजर हूकवर, एक नजर ग्रिपवर, दोन्ही ठीक दिसले की मान टार्गेटकडे वळवा, आणि एकदा मान वळली की परत खाली बघायचं नाही. खाली बघावंसं वाटलं तर त्याचा अर्थ आधीचं काम अर्धवट राहिलंय, बाण खाली घेऊन परत हूकपासून सुरू करा.

मान वळल्यावर एक श्वास पूर्ण घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. खांदे या वेळी खाली जातात, ते जाऊ द्या, तिथेच राहू द्या. मग बो वर. बो उचलणं ही माझ्यासाठी सीमारेषा. त्याआधी काय तपासायचं, विचार करायचा, वारा बघायचा तो बघून घ्या, साईट हलवायची तर हलवा. बो वर गेला की विचार बंद, आता फक्त जाणीव. ड्रॉ (स्ट्रिंग खेचणं), अँकर, स्ट्रिंग हनुवटीला आणि नाकाला लागली, भार हातातून पाठीत उतरला, आणि तिथून पुढे वाढत राहायचं.

किती स्टेप, तर कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि नंतर अमेरिकेच्या टीमला शिकवणारे कोच किसिक ली यांनी शॉटचे डझनाच्या आसपास टप्पे पाडलेत आणि ते शिकण्यासारखे आहेत. पण ते शिकायचे प्रॅक्टिसमध्ये, एका आठवड्यात एकच टप्पा घेऊन. मॅचमध्ये बारा गोष्टी मनात म्हणायला गेलात तर जिना उतरताना पायऱ्या मोजायला लागल्यावर पाय अडखळतो तसं होणार. मनात म्हणायचाच तर एक शब्द ठेवा, शेवटच्या टप्प्यासाठी. माझा एक विद्यार्थी 'पाठ' म्हणतो, एक मुलगी 'वाढ' म्हणते. शब्द कुठलाही चालेल पण तो करायच्या गोष्टीचा हवा. 'घाबरू नको', 'चुकू नको' असले शब्द नकोत, कारण डोक्यात मग चुकणंच घोळत राहतं.

वेळेचं लिहितो. मोबाईल स्टँडवर लावून दोन-तीन एंड शूट करा आणि प्रत्येक बाणाला मान वळल्यापासून रिलीजपर्यंत किती सेकंद लागले ते बघा. आकडा किती आला याला महत्त्व कमी, पण एका बाणाला सात आणि दुसऱ्याला तेरा असं येत असेल तर तुमच्याकडे रूटीन अजून तयार झालेलं नाही असं समजा. चांगल्या रिकर्व्ह आर्चरचा अँकर ते रिलीज हा भाग साधारण दोन ते चार सेकंदांत उरकतो. पाचव्या सेकंदानंतर बाण सुधारत नाही. स्नायू थकायला लागतात, थरथर वाढते, नजर एका जागी ठरत नाही. म्हणजे तुम्ही क्लिकरची वाट बघत थांबता तेव्हा तो बाण खरं तर संपलेला असतो आणि त्याला उतरवणं एवढंच काम उरलेलं असतं.

लेट डाऊन. याच्यावर मी वेगळं लिहू शकेन इतकं ते महत्त्वाचं आहे. बाण न सोडता खाली घेणं ही स्वतंत्र कला आहे आणि ती कुणी प्रॅक्टिस करत नाही, म्हणून मॅचमध्ये जमत नाही. प्रत्येक एंडमध्ये एक बाण ठरवून लेट डाऊन करा, अगदी छान अँकर बसला असला तरी. मनाला सवय लागली पाहिजे की अँकरला आल्यावर बाण सोडावाच लागतो असं काही नाही. रँकिंग राउंडला (मॅचेसच्या आधी क्रमवारी ठरवणाऱ्या फेरीला) ७२ बाण, सहा-सहाच्या एंडने, आणि प्रत्येक एंडला काही मिनिटं मिळतात. एक काय दोन लेट डाऊन सहज बसतात. घाई आपण आपली लावून घेतलेली असते.

आळीपाळीच्या २० सेकंदांचं गणित वेगळं आहे. सिग्नल व्हायच्या आधी बो-आर्म (बो धरलेला हात) उचलता येत नाही, त्यामुळे तुमच्या सुरुवातीला सिग्नल हाच खुणेचा क्षण धरा. सिग्नल, श्वास सोडला, बो वर. बो वर गेल्यापासून सात-आठ सेकंदांत बाण सुटायची सवय असेल तर एक लेट डाऊन करूनही दुसरा प्रयत्न बसतो, पण उतरवायचा निर्णय घड्याळात दहा-बारा सेकंद शिल्लक असतानाच व्हायला हवा. पाच सेकंद उरल्यावर उतरवलात तर अडचण. म्हणून प्रॅक्टिसमध्ये कुणाला तरी सेकंद मोठ्याने मोजायला लावा, नुसता घड्याळाचा आवाज कानाला ओळखीचा झाला तरी फरक पडतो.

हिंज_रिलीज

मी कंपाउंड (चाकं लावलेलं धनुष्य) शूट करतो त्यामुळे क्लिकर वगैरे माझं क्षेत्र नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंत त्याला आमच्याकडे सरळ टार्गेट पॅनिक म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, भल्याभल्यांना होतं. पिन पिवळ्याला टेकली की मेंदू म्हणतो आत्ता सोड. काहींची पिन पिवळ्यापर्यंत पोचतच नाही, खाली सहा वाजता अडकून बसते, हात उचलायला तयारच नसतो. दोन्हींच्या मुळाशी एकच, एमिंग आणि सोडणं ही दोन कामं डोक्यात एकमेकांना चिकटलेली असतात. ती वेगळी करायला लागतात.

वरच्या सरांच्या लेट डाऊनशी शंभर टक्के सहमत पण मी अजून एक पाऊल मागे जाईन. काही दिवस टार्गेट फेसच (रंगीत वर्तुळांचा कागद) काढून टाका. तीन-चार मीटरवरून मोकळ्या बेलवर (बाण झेलणाऱ्या गठ्ठ्यावर) शूट करा, स्कोअर नाही, पिवळं नाही, बाण कुठे गेला याला अर्थच नाही. फक्त शॉट कसा वाटला. आजूबाजूला कुणी नसेल आणि बेल मोठी असेल तर अँकरनंतर डोळे मिटून करा, पाठीत काय चाललंय ते तेव्हा पहिल्यांदा कळतं. आणि याच्या जोडीला दुसरा व्यायाम, फेस लावलेला पण बाण सोडायचाच नाही. अँकर, पिन पिवळ्यात, नुसतं बघत राहा तीन सेकंद, उतरवा. परत. पहिले दोन-तीन दिवस फार अस्वस्थ वाटतं, हात अक्षरशः शिवशिवतो, मग हळूहळू पिन पिवळ्यात असणं ही साधी गोष्ट वाटायला लागते. मग दोन्ही एकत्र करा, मोठा फेस जवळ, मग अंतर वाढवत जा. घाईने ७० ला परत जाऊ नका, हे काम आठवड्यांचं आहे.

एक गोष्ट मात्र सरांपेक्षा वेगळी सांगेन. पिन हलते, ती हलणारच. थांबवायला गेलात की जास्त हलते. ७० मीटरच्या १२२ सेंटिमीटरच्या फेसवर दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं असतं, पिन त्याच्या आतबाहेर फिरत असताना सुटलेला बाणही बऱ्याचदा आतच बसतो, कारण हालचाल मधल्याच्या भोवतीच असते. नजर पिनवर ठेवू नका, पिवळ्याच्या मध्यावर ठेवा आणि पिन धूसर तरंगू द्या. नजर शेवटपर्यंत एका बिंदूवर ठरलेली असणं हे मला तरी हात स्थिर असण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ओजस देवतळेने २०२३ च्या बर्लिन वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलला १५ पैकी १५ बाण दहात मारले, १५० पैकी १५०, आणि समोरच्याचे १४९ होते! रिप्ले मिळाला तर स्कोअर सोडून द्या आणि प्रत्येक बाणाची लय बघा.

फिजिओ_आणि_आर्चर

शरीराच्या बाजूने थोडं लिहिते, कारण 'रिलॅक्स रहा'चा त्रास मलाही कळतो.

बोटं गार पडणं, छाती धडधडणं, तोंड कोरडं पडणं हे ॲड्रेनलिनचं काम आहे. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार. तुम्ही ठरवून ते बंद करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ ला वैयक्तिक मॅचेसच्या वेळी आर्चरच्या हृदयाचे ठोके स्क्रीनवर दाखवत होते, आठवत असेल. महिलांच्या फायनलला शूट-ऑफ (बरोबरी झाल्यावर एकेका बाणाचा निकाल) झाला तेव्हा कोरियाच्या आन सानचे ठोके साधारण ११८ होते आणि समोरच्या एलेना ओसिपोवाचे १६७ च्या आसपास. आन सानने १० मारला, ओसिपोवाला ८ मिळाला. सगळे म्हणाले बघा किती शांत. पण ११८ म्हणजे काही खुर्चीत बसलेल्या माणसाचे ठोके नव्हेत, तिच्याही शरीराला कळत होतं की काय चाललंय. धडधड चालू असतानाच तिने आपला शॉट केला. त्यामुळे 'माझं हृदय धडधडतंय म्हणजे आता बाण जाणार' हा जो निष्कर्ष आपण लाईनवर उभं राहून काढतो ना, तो काढायचं सोडा. धडधडतंय, ठीक आहे, हूककडे बघा.

श्वासाचं साधं आहे. श्वास घेताना ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा, घ्यायला चार मोजा आणि सोडायला सहा-सात. पण हे लाईनच्या मागे, वाट बघताना. तीन-चार श्वास पुरेत, जास्त ओढून घेतलेत तर गरगरायला होतं. लाईनवर फक्त एकच. बो उचलताना नैसर्गिक श्वास आत येतो, ड्रॉ करताना थोडा बाहेर, आणि अँकरला उरलेला श्वास घशात न दाबता नुसता थांबलेला. घसा आवळून श्वास रोखलात तर मान आणि खांदे आपोआप आवळतात, आणि मग क्लिकर पडणार कसा, वाढायला जागाच उरत नाही.

आता एक विचारते, बोचं वजन बोटांवर किती येतं? कारण मी बघते त्यातल्या कितीतरी जणांची 'मॅचची भीती' ही खरं तर जास्त पाउंडेज (बो खेचायला लागणारा जोर) असतं. प्रॅक्टिसमध्ये आपण आपल्या सोयीने थांबतो, गप्पा मारतो. स्पर्धेत रँकिंगला सहा बाण सलग, वर ताण. पाचव्या-सहाव्या बाणाला थरथर आणि क्लिकर न पडणं नेहमीचं असेल तर आधी ताकद बघा. सोपी चाचणी, बाण लावून बेलसमोर उभं राहून फुल ड्रॉला १५ सेकंद धरून बघा, मग हळूच उतरवा, मिनिटभर विश्रांती, असं पाच-सहा वेळा. शेवटच्या दोनला खांदा वर चढत असेल तर लिम्ब (बोच्या वरच्या-खालच्या लवचिक पट्ट्या) थोडे हलके करा, त्यात कमीपणा काही नाही. हे करताना हात सुटून रिकामा बो सुटता कामा नये, लिम्ब जातात आणि इजा होते ती वेगळी, म्हणून बाण लावलेला असू द्या आणि समोर बेल असू द्या.

आणि कृपा करून कुणी ठोके कमी करायची गोळी सुचवली तर घेऊ नका. बीटा ब्लॉकर आर्चरीत बंदी असलेल्या यादीत आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेलं असेल तर ते मनाने बंदही करू नका, आधी डॉक्टरांशी आणि तुमच्या संघटनेशी बोला. कॉफीचं मात्र तुमच्या हातात आहे, मॅचच्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त नको.

रिकर्व्हवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पाउंडेजचं ताई बरोबर बोललात बहुतेक, सहाव्या बाणाला खांदा चढतो हे सर पण सांगत असतात, मी ते भीतीचं समजत होते. चाचणी करून बघते.

दोन गोष्टी अजून विचारते. एक, क्लिकर. अँकरला आल्यावर टोक क्लिकरखाली किती उरलेलं असावं? माझं बरंच उरतं असं वाटतं. दोन, खराब बाण गेल्यावर काय करायचं. स्कोपमध्ये (दुर्बिणीत) निळा दिसला की पुढचं सगळं त्याच रंगाचं होतं, रूटीन माहीत असूनही. आणि ताण प्रॅक्टिसमध्ये आणायचा कसा, आमच्या ग्राउंडवर सगळे ओळखीचे, तिथे धडधडतच नाही.

जुना_तिरंदाज

क्लिकरचं आधी. अँकर बसून भार पाठीत उतरल्यावर बाणाच्या टोकाचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर क्लिकरखाली उरावेत. त्याहून जास्त उरत असेल तर तो वाढून पडणार नाही, खेचूनच पडेल. कुणाला तरी बाजूने जवळून व्हिडिओ काढायला सांगा, टोक दिसलं पाहिजे. प्रॅक्टिसच्या पहिल्या बाणाचा आणि शेवटच्या एंडचा वेगवेगळा काढा. पहिल्याला दोन आणि शेवटच्याला पाच असेल तर क्लिकर हलवू नका, फिजिओ ताई म्हणतात तसा खांदा आत कोसळतोय. पहिल्यालाच पाच असेल तर मग सरांच्या देखरेखीखाली क्लिकर थोडा पुढे घ्या.

आणि क्लिकर पडला की दचकणं, यासाठी एक व्यायाम. अँकर, वाढ, क्लिकर पडू द्या, आणि सोडू नका. वाढतच राहा सेकंदभर, मग उतरवा. क्लिकरचा आवाज म्हणजे बंदुकीचा बार नव्हे हे शरीराला कळायला हवं. एंडमध्ये एखादा बाण असा. हिंज रिलीजवाल्यांनी सांगितलं तसं इथेही दोन चिकटलेल्या गोष्टी सुट्या करायच्या आहेत.

खराब बाणानंतर. प्रत्येक बाण स्कोपमध्ये बघायची गरज आहे का, हे आधी ठरवा. साईट एका बाणावरून हलवायची नसते, ग्रुपवरून हलवायची असते, मग एका बाणाचा आकडा कळून लगेच करणार काय? वारा बदलता असेल तर बघा, पण बघायचं ते वाऱ्यासाठी. मॅचमध्ये अजून एक गोष्ट आपल्या बाजूने असते जी लोक विसरतात, रिकर्व्हला सेट सिस्टम आहे. तीन बाणांचा सेट, जिंकला तर २ पॉइंट, बरोबरी झाली तर १-१, आधी ६ होतील तो जिंकला. निळ्यात गेलेला बाण फार तर एक सेट घेऊन जातो, पुढच्या सेटला पाटी कोरी. प्रत्येक बाणाची बेरीज शेवटपर्यंत मानगुटीवर असती तर गोष्ट वेगळी.

आणि बाण सुटल्यानंतरचाही एक भाग रूटीनमध्ये घाला. बाण टार्गेटला लागेपर्यंत बो-आर्म तिथेच, रिलीजचा हात मानेजवळ मागे. मग बो खाली, एक श्वास बाहेर, आणि एकच प्रश्न, काय जाणवलं. 'हूक उथळ होता.' 'वाढ थांबली होती.' एवढं एक वाक्य, मग हात क्विव्हरकडे. वाक्य सापडलं नाही तर सोडून द्या, शोधत बसू नका.

ताण आणायचा कसा, याला कोरियन टीमचं उत्तर जगजाहीर आहे, ते ऑलिम्पिकआधी आर्चरना गोंगाट असलेल्या भरल्या बेसबॉल स्टेडियममध्ये शूट करायला लावायचे, आणि टोकियोसाठी तर प्रॅक्टिसच्या जागी तिथल्या ग्राउंडची हुबेहूब नक्कल उभारली होती. आपल्याकडे स्टेडियम नाही, पण एक बाण आहे. रबर बँडने अंग व्यवस्थित गरम करा, मग टार्गेटवर एकच बाण, पहिला, स्कोअर कागदावर लिहायचा. बो ठेवून द्या. दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. परत एक बाण. असं तासभर. सराव म्हणून बाण किती कमी झाले याची काळजी करू नका, यातला प्रत्येक बाण पहिला बाण असतो आणि तुमचं दुखणं पहिल्या बाणाचंच आहे. सोबत कुणी असेल तर शूट-ऑफ खेळा, एकेक बाण, मध्याच्या जवळचा जिंकला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिक फायनलला किम वूजिन आणि ब्रॅडी एलिसन दोघांचेही शूट-ऑफचे बाण दहात होते आणि निकाल लागला ४.९ मिलिमीटरने. त्या दोघांनाही त्या क्षणी वेगळं काही करायचं नव्हतं, जे वर्षानुवर्षं केलं तेच एकदा.

धडधड हवीच असेल तर शूट करायच्या आधी जागच्या जागी जॉगिंग करा, पण लाईनपासून लांब, बो हातात न घेता. ठोके वाढले की चालत लाईनवर, आणि मग क्विव्हरपासून रूटीन. धडधडत्या छातीनेही हूक तसाच बसतो हे दोन-चार दिवसांत कळतं.

बेअरबो_भिडू

मी बेअरबो शूट करतो, साईट नाही क्लिकर नाही, त्यामुळे आमचा सगळा डोलाराच रूटीनवर उभा असतो. वरचं सगळं पटलं, फक्त एक भर घालतो. स्कोअरशीटच्या बाजूला दुसरा एक रकाना आखा. प्रत्येक बाणाला, कुठे लागला ते सोडून, रूटीन पूर्ण झालं का, एवढंच. झालं तर टिक, नाही तर फुली. लेट डाऊन करून परत नीट सोडला तर तीही टिक. मॅचनंतर घरी जाताना आधी टिक मोजायच्या, मग स्कोअर. काही मॅचेसनंतर मजेशीर गोष्टी दिसतात, फुलीवाला बाण कधी कधी दहात असतो आणि टिकवाला सातात, तेव्हा माणूस दहाला भुलत नाही आणि साताला रडत नाही. आणि फुल्या कुठे येतात तेही दिसतं, काहींच्या पहिल्या एंडला, काहींच्या जिंकत आल्यावर. तुमच्या पहिल्या एंडला असणार असा माझा अंदाज.

रिकर्व्हवाली

भारी आहे हे, उद्यापासून रकाना आखते. पण टिक प्रामाणिकपणे द्यायची कशी? बाण पिवळ्यात दिसला की मला वाटणार की रूटीन छानच झालं होतं, आणि निळ्यात दिसला की फुली.

बेअरबो_भिडू

म्हणून टिक स्कोपला डोळा लावायच्या आधी ठरवायची. बाण लागला, बो खाली, तिथेच मनात टिक का फुली ते पक्कं करा, मग स्कोप. एंडच्या सगळ्या टिका लक्षात राहत नाहीत असं वाटलं तर सोबतच्या कुणाला तरी बोटाने खूण करा, अंगठा वर का खाली, तो लिहील. आणि हूककडे बघितलंच नसेल तर फुली, बाण दहाच्या मधोमध असला तरी. एवढा एक नियम कडक ठेवा, बाकीचं सैल असलं तरी चालतं.